कागदावर बहिरा

ज्या दिवसांत मी फौजेतच बहिरा झालो हे सरकारला पटवून द्यायला कोर्टात भांडत होतो, त्याच दिवसांत मी बहिरा नाही हे गावाला पटवून द्यायचीही माझी तेवढीच धडपड चालली होती. दोन्ही आघाड्यांवर मी एकटाच. वकील कुठेच दिला नव्हता.

फौजेत मी तोफखान्यात होतो आणि हवालदार म्हणून बाहेर पडलो. तोफेशेजारी उभं राहून ज्याचं पोट भरतं, त्याच्या कानांचं काय होतं ते सांगायला डॉक्टर लागत नाही. आम्ही कानांत कापूस घालायचो. गोळ्याला त्या कापसाचं काही वाटत नसावं. डावा कान पूर्ण गेला, उजवा अर्धामुर्धा राहिला. फौजेच्या दवाखान्यानं कानात घालायचं मशीन दिलं, ते मी मेडलांबरोबर पेटीत ठेवून दिलं. मेडलं निदान झेंड्याच्या दिवशी बाहेर यायची, मशीन तेवढंही नाही.

गाव आमचं सेलू तालुक्यात, वालूरच्या अलीकडे. लंगड्याला लंगड्या आणि चकण्याला चकण्या म्हणायला इथं कुणाला वाईट वाटत नाही. मेडल लावून गावात शिरलेल्या माणसाला दुसऱ्या दिवसापासून ‘भैरा फौजी’ व्हायचं नव्हतं. म्हणून मी काही युक्त्या शोधल्या. डावी बाजू भिंतीकडे करून बसायचं. रस्त्यानं चालताना माणूस उजव्या हाताला घ्यायचा. चारचौघं हसले की हसायचं. यात एकदा गफलत झाली. भावकीतल्या एका दहाव्याला समोरच्या म्हाताऱ्याचा चेहरा वाकडा झाला, मला वाटलं तो हसला, म्हणून मीही मनापासून हसलो. तो रडत होता. त्या घराशी आमचं येणंजाणं अजून नीट नाही.

सगळ्यात चांगली युक्ती मात्र बोलण्याची निघाली. बोलणाऱ्याला ऐकावं लागत नाही. मी गोष्टी सांगायला लागलो. बर्फाच्या, तोफांच्या, लंगरातल्या स्वयंपाक्याच्या. लग्नात, बारशात, पारावर. लोक म्हणायला लागले, फौजी लय रंगवून सांगतो. मी थांबतच नव्हतो, कारण थांबलो की कुणीतरी काहीतरी विचारणार.

आता खटल्याचं. फौजेतून काढताना डॉक्टरांचं एक बोर्ड बसतं. अपंगत्व नोकरीमुळे आलं की नाही ते हे बोर्ड ठरवतं, आणि त्यावर अपंगत्वाची पेन्शन अवलंबून असते. माझ्या बोर्डानं लिहिलं की कान गेलाय हे खरं, पण त्याचा नोकरीशी संबंध नाही. दोष मूळ प्रकृतीतला असावा, कारण इतक्या वर्षांत या माणसानं कानाची एकदाही तक्रार केलेली नाही.

ते खोटं नव्हतं. तक्रार मी केलीच नव्हती. फौजेत दरबार भरतो. सगळे जवान मांडी घालून रांगेत बसतात, कमांडिंग साहेब समोर उभे राहतात आणि शेवटी विचारतात, “कोई तकलीफ?” आणि सगळी रेजिमेंट एका दमात म्हणते, “नहीं साहब.” पायाला फोड असलेला म्हणतो, रजा नाकारलेला म्हणतो, घरी बाप आजारी असलेला म्हणतो. तो प्रश्न नसतोच, तो कवायतीचा एक शब्द असतो. सावधान म्हटलं की टाचा जुळतात, तसं तकलीफ म्हटलं की ‘नहीं साहब’ निघतं. माझा कान गेल्यावरही ते निघत राहिलं. उलट जरा जास्तच जोरात.

बोर्डाचा निकाल मी घरी वाचून दाखवला. माझी माय खाटेवर बसून ज्वारी निवडत होती. ‘मूळ प्रकृतीतला दोष’ म्हणजे काय ते तिनं मला दोनदा विचारलं.

“म्हंजे मी घरूनच असा गेलो असं म्हणतात,” मी सांगितलं.

तिनं सूप खाली ठेवलं. “माझ्या पोटातून समदी धड निघालीत. तू तर तिकडं वढ्यापल्याड ढोल वाजला तरी उठून बसायचास. कोन म्हनायलंय ते? त्याला म्हनावं इकडं ये.”

म्हणजे खटला माझ्या पेन्शनचा होता तसा मायच्या पोटाचाही होता. तिनं तो शेवटपर्यंत तसाच धरला. दोन अपिलं टपालानं गेली आणि टपालानंच परत आली. राहिलं ते फौजींच्या खटल्यांचं कोर्ट. गावात मी सांगितलं, पेन्शनचं काहीतरी हाय. घरात सांगितलं, “कागदावर मी बहिरा आहे. तसं मला सगळं ऐकू येतं.” बायको माझ्याकडे बघत राहिली आणि काहीतरी म्हणाली. ते मला ऐकू आलं नाही.

वकील गाठायला परभणीला गेलो होतो, नाही असं नाही. भला माणूस. पण मला त्यानं टेबलाच्या उजव्या अंगाला बसवलं, म्हणजे तो माझ्या डाव्या कानाला आला, आणि डोक्याशेजारी कूलर घरघरत होता. तो बराच वेळ बोलला. मी मान हलवली. मध्ये दोनदा हसलोही. घरी आल्यावर बायकोनं विचारलं, “काय म्हनला वकील?”

मी म्हटलं, “काही दम नाही त्याच्यात. मीच बोलतो कोर्टात. बोलायला मला वकील कशाला लागतो?”

“बोलायला न्हाई लागत,” बायको म्हणाली. हे मात्र ऐकू आलं.

मग तालीम सुरू झाली. भाषण मी पाठ केलं, नियम आणि कलमांसकट. बायको उंबऱ्यावर बसून भेंड्या चिरता चिरता न्यायाधीश व्हायची. तिचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा, “ऐकायलाव का?” मी म्हणायचो, असं कुणी विचारत नसतं, पुढचं विचार.

घरात अजून एक माणूस होतं आणि खरं तर हे सगळं मी तिच्यासाठी लिहितोय. माझी सून. मुलाचं लग्न होऊन तेव्हा वर्ष झालं असेल. पोरगी सोनपेठकडची, शिकलेली, स्वभावानं शांत आणि आवाजानं त्याहून शांत. नवी सून सासऱ्यासमोर मान वर करून बोलत नाही, खाली बघून बोलते. म्हणजे ओठही दिसत नाहीत. ती आल्यापासून काय बोलली यातलं मला अक्षरही माहीत नव्हतं. ताट घेऊन उभी राहिली की मी समजायचो, जेवायला बोलावते. बाकी वेळेला मी “हां, हां” म्हणायचो, नाहीतर तिच्या आधी मीच काहीतरी बोलून निघून जायचो.

सुनावणी लॅपटॉपवर व्हायची ठरली. मुलगा सेलूला नोकरीला, दिवसभर नसतो, म्हणून सगळी जोडणी सुनेनं केली. तिनं हेडफोनही आणून ठेवला आणि खुणेनं सांगितलं, कानाला लावा.

“मला काय ऐकू येत नाही का?” मी म्हणालो. चांगल्या चढ्या आवाजात. तिनं मुकाट्यानं वायर गुंडाळली आणि आत गेली.

कोर्ट घरात येणार म्हणून मायनं सकाळपासून घर डोक्यावर घेतलं होतं. अंगण झाडून घेतलं, कोंबड्या मागच्या दारी कोंडल्या, नवं लुगडं नेसून पदर डोक्यावर घेऊन खाटेवर बसली. बायकोला म्हणाली, चहाचं आधण ठेव. बायकोनं समजावलं की ते तिकडं मुंबईतच राहतात, इथं नुसते दिसतात. माय म्हणाली, “दिसतेत तर मग. दाराशी आलेल्याला इचारायला नको?” मी ब्लेझर घातला, रेजिमेंटचा टाय बांधला, मेडलं लावली. मशीन पेटीतच.

पडद्यावर दोघे साहेब होते. एक न्यायाधीश आणि एक निवृत्त जनरल. माझा पुकारा झाला तो सुनेनं दारातून हात हलवून दाखवला. आधी सरकारी वकीलबाई बोलल्या. आवाज विहिरीतून यावा तसा यायचा आणि मध्येच विझायचा. मी मान हलवत होतो. त्या माझ्याविरुद्ध बोलत होत्या आणि मी दर वाक्याला मान हलवत होतो, हे मला पुढे बायकोनं सांगितलं. मग न्यायाधीश माझ्याकडे बघून काहीतरी म्हणाले. मला वाटलं, सुरू करा म्हणाले. मी भाषण सुरू केलं. त्यांनी हात वर केला. मी आवाज चढवला. त्यांनी परत काही विचारलं, मी पुढच्या कलमावर गेलो. लग्नात जेवणाची पंगत बसली तरी मी गोष्ट थांबवत नाही. इथं तर पाठ केलेलं होतं.

तेवढ्यात जनरल साहेब पुढे झुकले. आयुष्यभर मैदानावर वापरलेला आवाज तो. त्या अख्ख्या सुनावणीत मला पूर्ण ऐकू आलेलं ते एकच वाक्य.

“हवालदार साहब, अब कैसे हो? कोई तकलीफ?”

मी खुर्चीवरून कधी उठलो ते कळलं नाही. टाचा जुळल्या, मुठी आवळल्या, छाती बाहेर. “नहीं साहब. सब ठीक है साहब.”

आमच्या घराच्या पत्र्यावर ते आदळून परत आलं.

मी उभा होतो म्हणून कॅमेऱ्यात माझं डोकं नव्हतंच. देशाच्या एका वरच्या कोर्टासमोर माझा पट्टा आणि पट्ट्यावरून पुढे आलेलं पोट सावधानमध्ये उभं होतं आणि आपल्याला काही तकलीफ नाही असं सांगून बसलं होतं. वकीलबाईंनी पेनाचं टोपण लावलं. त्यांना आता काही बोलायची गरज उरली नव्हती.

मला बसता येईना. बसायचा हुकूम झालेला नव्हता. मागे माय कुणाला तरी विचारत असणार, काय झालं म्हणून. मी वळून बघितलं नाही.

मग स्वयंपाकघराच्या दारातून सून बाहेर आली. हात पिठाचे. माझ्या आणि लॅपटॉपच्या मध्ये उभी राहिली आणि बोलू लागली. मला तिची पाठ दिसत होती. काय बोलली ते संध्याकाळी बायकोनं माझ्या उजव्या कानाशी तोंड आणून शब्द न् शब्द सांगितलं.

“साहेब, हे आत्ता म्हणाले ते धरू नका. यांना काहीही विचारलं तरी हे असंच म्हणतात. मी वर्षभर या घरात आहे. माझं बोलणं यांना एकदाही ऐकू आलेलं नाही. मला वाटायचं, माझ्यावर रागावलेत.”

न्यायाधीशांनी विचारलं, आपण कोण. ती म्हणाली, सून. त्यांनी विचारलं, लिहून दिलं तर वाचतील का. तिनं हात पदराला पुसले, भिंतीवरचं मागच्या वर्षाचं कॅलेंडर काढलं आणि पोत्यांवर नावं घालायचा जाड मार्कर घेऊन माझ्या शेजारी बसली. पहिलं पान उलटं करून तिनं लिहिलं,

“मामा खाली बसा. पोट दिसतंय.”

मी बसलो. सुनेशी झालेला माझा हा पहिला संवाद.

दुसऱ्या पानावर तिनं लिहिलं, “विचारतात, नोकरीत असताना कुणाला का सांगितलं नाही?”

या प्रश्नाचं उत्तर माझ्या भाषणात होतं, चांगलं कलमासकट. पण ते अक्षर समोर होतं, आणि लिहिणारी पोरगी मार्कर हातात धरून माझ्या तोंडाकडे बघत होती. वर्षभरात तिनं पहिल्यांदाच मान वर केली होती. मी पडद्याकडे बघून म्हणालो, “शर्म आती थी, साहब.”

आणि मग सांगितलं. ज्याला हुकूम ऐकू येत नाही त्याला तोफेवर ठेवत नाहीत, स्टोअरमध्ये घोंगड्या मोजायला बसवतात. ज्या पोरांना मी तोफ शिकवली त्यांच्या देखत मला तोफेवरून उतरायचं नव्हतं. हुकूम देणाऱ्याच्या हाताकडे बघून मी काम ओढलं. दरबारात विचारलं की नहीं साहब म्हणालो. बोर्डातही बहुतेक तेच म्हणालो असेन. हे बोलताना माझा आवाज मला नीट ऐकू येत नव्हता, त्यामुळे किती मोठ्यानं बोललो कुणास ठाऊक. शेजारची दोन माणसं दारात येऊन उभी होती म्हणतात.

जनरल साहेब काहीतरी बोलले. सुनेनं लिहिलं, “म्हणतात, दरबारात ते पण हेच विचारायचे. एकानेही कधी हो म्हटलं नाही.” आणि खाली बारीक अक्षरात, “थोडं हसले.”

निकाल पुढे यथावकाश आला. कान नोकरीतच गेला असं कोर्टानं लिहिलं. मी तो मायला वाचून दाखवला. सगळं ऐकून घेऊन तिनं विचारलं, “मंग माझ्या पोटाचं काय म्हनले?”

“तुझ्या पोटाचा काही दोष नाही म्हणाले.”

तिनं हे आळीत घरोघर जाऊन सांगितलं. त्यामुळे मी ठार बहिरा आहे हेही घरोघर गेलं. आता पोरंसोरं मला ‘कागदी भैरा’ म्हणतात, कारण ते माझं वाक्यही बायकोनं कुठंतरी सांगून टाकलंय. म्हणतात आपलं. मला ऐकू येत नाही.

इथं गोष्ट संपली असती तर मी ती लग्नाकार्यात सांगितली असती. पोट दिसतंय, यावर पंगत हसलीच असती. पण सुनेचं एक वाक्य निघता निघेना. मला वाटायचं, रागावलेत. नुसतं हां हां म्हणणाऱ्या सासऱ्याबद्दल कुणाला असं वाटत नाही. काहीतरी झालं असणार. मी तिला विचारलं. तिनं कागदावर लिहिलं, “काही नाही मामा.” म्हणजे हा रोग आता तिलाही लागला होता.

मग बायकोला विचारलं. ती आधी सांगेना. मग मशीन कानात घालायला लावलं, मग बोलली.

“पंचमीचं इचारलं व्हतं तिनं तुमाला.”

लग्नानंतरची पहिली नागपंचमी. आमच्याकडे नव्या सुनेला पहिल्या पंचमीला माहेरी नेतात. झोके बांधतात, भाऊ न्यायला येतो. सून ओसरीवर येऊन माझ्या डाव्या बाजूला उभी राहिली होती आणि विचारलं होतं, “मामा, भाऊ न्यायला येतो म्हणतोय, जाऊ का?” मी तेव्हा दोन शेजाऱ्यांना गोष्ट सांगत होतो. तोफ डागायची थांबवताना आमचे साहेब हात कसा आडवा मारायचे ते दाखवायला मी हात आडवा मारला. जोरात, तिच्याच दिशेला. दोन परक्या माणसांसमोर.

ती आत गेली आणि भावाला फोन केला, येऊ नको म्हणून.

“आन् तू? तू का बोलली नाहीस मला?” मी बायकोला म्हणालो.

“तुमी न्हाई म्हनलाव म्हनल्यावर मी काय बोलनार सुनेदेखत? आठ दिस बोलले न्हाई मी तुमच्यासंगं.”

आठ दिवस. आणि मला ते कळलंही नव्हतं. मी खुशाल गोष्टी सांगत हिंडत होतो.

यंदाच्या पंचमीला भावाला येऊ दिलं नाही, मीच सोडायला गेलो. मशीन कानात. सेलूहून बस धरली, पाथरीला बदलली. सुनेला उजव्या बाजूला बसवलं. ती खिडकीतून बाहेर बघत होती, मग मध्येच काही बोलली, मी “काय?” म्हणालो, तिनं परत सांगितलं. कापूस चांगला आहे म्हणत होती या भागात. एवढंच. असं कितीतरी एवढंच वर्षभरात माझ्या भिंतीकडच्या बाजूला पडून गेलं असेल.

सोनपेठला व्याही दारात उभे होते. व्याह्यांपुढे माणूस आपलं काही उणं दाखवत नाही. मुलीकडच्यांपुढे तर मुळीच नाही. मांडवात याच माणसाला मी तासभर तोफा ऐकवल्या होत्या. त्यांनी पाय धुवायला तांब्या पुढे केला आणि माझ्या डाव्या अंगाला येत काहीतरी विचारलं. ओठांवरून कळलं. कुठल्याही पाहुण्याला विचारतात तेच. येताना काही त्रास नाही ना झाला?

“नाही नाही,” मी म्हणालो. “सगळं ठीक.”

टाचाही बहुतेक जुळल्या असाव्यात. सून पिशवी हातात घेऊन उंबऱ्याच्या आत गेली होती, ती थांबली आणि वळून माझ्याकडे बघत राहिली. काही लिहून दाखवायची तिला गरज नव्हती.

तांब्यातलं पाणी पायावर पडत होतं. मी खाली बघत म्हणालो, “पाव्हणं, जरा या बाजूला या. त्या कानानं मला काहीच ऐकू येत नाही. मागच्या पंचमीला पोरीनं विचारलं तेही ऐकू आलं नव्हतं. मी नाही म्हणालो नव्हतो.”

व्याही बराच वेळ काही बोलले नाहीत, किंवा बोलले आणि मला कळलं नाही. मग उजव्या बाजूला आले, माझ्या कानाला तोंड लावलं आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल एवढ्या जोरात ओरडले, “मग चहा घेता का?”

मशीन किंचाळलं. पलीकडच्या झोक्यावरच्या बायका झोका थांबवून बघायला लागल्या. मी मान खाली घालूनच म्हणालो, घेतो.